शिरीषाला लावलेली भर

लालासाब माळ्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. छत्तीस वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवलं आहे, तेव्हा भित्री माणसं मी काही कमी पाहिलेली नाहीत. रस्त्यात कुत्रं दिसलं की हा सायकल वळवून दुसऱ्या गल्लीनं जायचा. साहेबांचा फोन आला तर उभा राहून, टोपी सारखी करून घ्यायचा. त्याची मुबशिरा माझ्या वर्गात होती. निकालाच्या दिवशी तो शाळेत यायचा आणि वर्गाच्या दारातच उभा राहायचा. "आत या की," म्हटलं तर म्हणायचा, "असू दे बाई, हितनं ऐकू येतंय." पोरगी पहिली आलेली असायची आणि बापाच्या कपाळावर घाम.

अशा माणसाच्या ताब्यात आमच्या तिकटीवरची बाग होती. बाग म्हणजे काय, शहराच्या ऐन मधोमध तीन रस्ते मिळतात, त्यांच्या बेचक्यात उरलेली तिकोनी जागा. थोडी हिरवळ, चार बाकडी, एक कोरडं कारंजं. पाटीवर कुणाचं तरी लांबलचक नाव आहे, ते कोणी घेत नाही. सगळे शिरीषाची तिकटी म्हणतात, कारण तिथं शिरीष होता. विलायती शिरीष. मी परकरात होते तेव्हाही तो एवढाच मोठा होता, आणि उन्हाळ्यात तिन्ही रस्त्यांवर त्याची सावली पडायची. बुंध्याभोवती गोल कट्टा. कट्ट्याच्या एका अंगाला शेंदूर फासलेला दगड, दुसऱ्या अंगाला गजऱ्यांची टोपली घेऊन बसम्मा, आणि उरलेल्या जागेत आम्ही पेन्शनीत निघालेली रिकामटेकडी मंडळी.

लालासाब मूळचा मुरगूडकडचा. बाप लोकांच्या उसात राबायचा, हाही मिसरूड फुटेपर्यंत उसातच होता. लग्नानंतर शहराला लागून असलेल्या उचगावला आला आणि आकाराम नावाच्या म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली रोजंदारीवर लागला. कायम व्हायला अकरा वर्षं गेली. आकारामानं आपल्याला दोनच गोष्टी शिकवल्या, असं तो सांगायचा. साहेबापुढं कमी बोलायचं आणि झाड वाजवून बघायचं. दर वर्षी वळवाच्या आधी तो कोयता उलटा धरून बागेतल्या एकेका झाडाच्या बुंध्यावर ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. कलिंगड घेताना आपण करतो तसंच. भरीव झाड ठणठणतं, आतून गेलेलं भद्द बोलतं. आम्ही कट्ट्यावरून त्याची चेष्टा करायचो, "काय लालासाब, पिकलंय काय?" आणि तो हसून पुढच्या झाडाकडे जायचा. शिरीष मात्र तो वाजवायचा नाही. त्याच्या बुंध्याभोवती मातीचा चौथरा होता, त्यात झेंडू फुललेला असायचा, आणि एवढ्या दांडग्या झाडाला काय होतंय असं त्यालाही वाटत असावं.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, मी फिरून आले तेव्हा तो शिरीषाच्या बुंध्याला कान लावून बसला होता. झेंडू उपटून बाजूला टाकलेला. मला बघून तो उठला, इकडे तिकडे पाहिलं आणि कारंज्यामागं या म्हणून खूण केली.

"बाई, झाड गेलंय," तो म्हणाला.

"कुठलं झाड?"

"आपलं. शिरीष. चारी अंगानं वाजवून बगिटलं. बुडात नुसता भुगा हाय. रस्त्याकडच्या अंगाला तेवढं चार बोटं लाकूड राहिलंय, त्येच्यावर उभं हाय."

मी वर पाहिलं. फांदी न् फांदी गुलाबी गोंड्यांनी भरली होती. म्हटलं, "चांगलं फुललंय की."

"जाणारं झाड लई फुलतंय, बाई." मग म्हणाला, "आन् त्ये माज्यामुळं झालंय."

ते कसं, हे त्यानं थांबत थांबत सांगितलं. आठ वर्षांपूर्वी कट्टा नव्यानं बांधला तेव्हा फरशीच्या कामातली माती उरली होती. लालासाब उसातला माणूस. उसाला भर लावतात, म्हणजे बुडाशी माती ओढून घट्ट करतात, मग वाऱ्यात ऊस पडत नाही. त्याला वाटलं, एवढं जुनं झाड, त्यालाही भर लावावी. त्यानं बुंध्याला मांडीएवढी माती चढवली, पायानं थापली, वर झेंडू लावला आणि आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. त्या झेंडूला बागांच्या स्पर्धेत ढालही मिळाली. खाली साल मात्र ओल्या मातीत दबून कुजत होती, आणि कूज आत शिरत होती. बुंध्यावर कानासारखी अळंबी दिसली म्हणून त्यानं त्या दिवशी माती उकरली, तेव्हा त्याला कळलं.

"ऊस वर्षात तुटतोय, बाई. त्येला कुजायला टाइमच मिळत न्हाय," तो म्हणाला. "मी शिरीषाला ऊस समजलो."

"मग साहेबांना सांगा की."

"मी कसं सांगू?" त्यानं शेंदराच्या दगडाकडे नजर टाकली. "त्या दगडावर रोज पाणी मीच घालतोय, पण त्ये कोण बगत न्हाय. 'झाड पाडा' म्हणून लालासाब म्हणाला, एवढंच गावभर हुईल. सध्याची हवा तुमास्नी म्हाईत हाय. बायकू, ताजबी म्हणती, त्वांड उघडू नगासा. बाई, तुमी सांगा. तुमचं समदी ऐकत्यात."

माझं सगळे ऐकतात हे खोटं नव्हतं, आणि तिथंच सगळी गोम होती. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला हाच शिरीष काढायचं ठरलं होतं. तेव्हा त्याच्याभोवती रांगोळी काढून चार दिवस ठाण मांडून बसणारी मी. माझ्यासोबत हंबीरराव होता. कोपऱ्यावर त्याचं बॅटरीचं दुकान आहे, तो तालमीचा अध्यक्ष आहे, आणि त्याला हळू बोलता येत नाही. शेवटी महापालिकेनं हात टेकले आणि झाड वाचलं. पेपरात माझा फोटो आला, त्याचं कात्रण मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं आहे. आता त्याला दोन वर्षं होणार म्हणून पुढच्या शनिवारी त्याच झाडाखाली, दोनशे खुर्च्या टाकून, माझा सत्कार होता.

मी लालासाबला काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "शनिवार होऊ दे. इतकी वर्षं उभा आहे, आणखी दहा-अकरा दिवसांत काय होतंय?"

"वळीव तारीख बगून येत न्हाय, बाई."

"मी आहे ना. तुम्ही गप्प बसा तोवर."

तो मान हलवून गेला. साहेबापुढं कमी बोलायचं हे तो माझ्यापुढंही पाळायचा.

मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण त्याच संध्याकाळी कट्ट्यावर बसायला गेले आणि पाय उचलेना. बसम्मा रोजच्यासारखी सरकून जागा करत होती. कर्नाटकाच्या हद्दीवरची ती बाई, बावीस वर्षं तिथं बसते. मी रोज तिच्याशेजारी टेकायची, घटकाभर गप्पा मारायची, गजरा माळून उठायची. त्या दिवशी मी रस्त्यावरच उभी राहिले. वर पाहायचंही धाडस होईना. "आज गुडघे दुखतायत गं, चढवत नाही," असं म्हणून मी लांबूनच हात पुढे केला. तिनं वाकून गजरा दिला. "तेल चोळा, बाई," ती म्हणाली.

त्यानंतर भीतीनं मला सोडलं नाही. घरात वाऱ्यानं पडदा हलला तरी मी उठून खिडकीतून आभाळ बघायची. स्वयंपाक करता करता मी हिशेब करायची, आत्ता पाच वाजले, आत्ता झाडाखाली कोण कोण असेल. बसम्मा. तीन रिक्षावाले. क्लासला जाणाऱ्या पोरी. आमचा कट्टा. त्यांच्यातलं एकेक तोंड डोळ्यांपुढं यायचं, आणि मी गॅस बंद करून नुसती उभी राहायची. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. शनिवारचं पत्रक छापून आलं होतं, त्यावर माझं नाव ठळक होतं.

लालासाबनं मात्र आपल्या परीनं उपाय शोधला. बुधवारपासून तो दुपारी चारला पाण्याची नळी घेऊन यायचा आणि सगळा कट्टा धुऊन काढायचा. फरशी वाळत आली की पुन्हा पाणी. पाच वाजता पुन्हा, सहा वाजता पुन्हा. कट्ट्याखालची जमीनही चिखल करून ठेवायचा. बसायला आलेली माणसं धोतर-पातळ आवरत उभी राहायची आणि त्याला शिव्या देत निघून जायची. त्याला हेच हवं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

दोन दिवस लोकांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी हंबीरराव दुकानातून उठून आला.

"ए लालासाब, डोस्कं फिरलंय काय? माणसांनी बसायचं कुटं?"

"धूळ लई हाय, अध्यक्ष."

"धूळ तुजी एकट्याचीच हाय व्हय? झाडाला पाणी घाल की. कट्ट्याला कशाला आंघोळ घालायलायस?"

लालासाबनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा माझ्या नाकावर होता.

सोमवारी हंबीररावानं लालासाबच्या बदलीसाठी अर्ज लिहिला. माळी उर्मट आहे, नागरिकांना मुद्दाम त्रास देतो, वगैरे. अर्ज फिरत फिरत माझ्याकडे आला. "बाई, तुमची सही वरती पायजे," तो म्हणाला. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी सही केली. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या हातानं, सुवाच्य अक्षरात.

एक बसम्मा तेवढी हलत नव्हती. तिनं प्लास्टिकचं पोतं चौपदरी करून खाली घातलं आणि बसली. लालासाब तिच्याभोवती पाणी मारायचा, ती हसायची. "घाल अण्णा, पाणी घाल. माजी फुलं पाण्यावरच जगत्यात." तो तिला सांगायचा, पलीकडं दुकानांच्या बाजूला बस, तिकडं गिऱ्हाईक जास्त येतं. ती म्हणायची, "बावीस वर्षं हितं बसलोय मी, मला गिऱ्हाईक शिकवू नगंस." रोज हा संवाद व्हायचा, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात लांब करून गजरा घ्यायची.

नवव्या दिवशी, गुरुवारी, दुपारपासून जीव नकोसा झाला होता. पान हलत नव्हतं. चारच्या सुमारास रंकाळा तलावाच्या अंगानं आभाळ काळं होऊन वर यायला लागलं. मला घरात बसवेना. मी छत्री घेऊन निघाले. बसम्माला निदान आज लवकर घरी जा एवढं तरी सांगावं, असं मनाशी म्हणत होते. खरं कारण सांगायचं धाडस तेव्हाही नव्हतंच.

मी तिकटीवर पोचले आणि वारा सुटला. आधी धूळ आली, मग कागद, पिशव्या, कुणाच्या तरी दुकानाची पाटी. चार टपोरे थेंब पडले. आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. वळीव आला की माणूस झाडाखाली पळतो. स्कूटरवाले थांबले, क्लासच्या पोरी ओढण्या डोक्यावर घेऊन धावल्या, रिक्षावाले आपापल्या रिक्षांत शिरले. बघता बघता शिरीषाखाली वीसेक माणसं जमली. मधोमध बसम्मा टोपलीवर ओलं फडकं पसरत होती. मी पलीकडच्या फुटपाथवर होते. ओरडावं म्हणून तोंड उघडलं आणि घशातून आवाज निघाला नाही. शप्पथ सांगते, निघाला नाही.

तेवढ्यात लालासाब नळी घेऊन आला. तोटी पूर्ण सोडून त्यानं पाणी थेट माणसांच्या अंगावर मारलं. पोरी किंचाळल्या. एका स्कूटरवाल्याच्या तोंडावर फवारा बसला. रिक्षांच्या आत पाणी घुसलं तसे रिक्षावाले शिव्या देत बाहेर पडले. मग त्यानं नळी बसम्माच्या टोपलीवर धरली. टोपली कलंडली आणि पांढरे गजरे चिखलात गेले.

"हुच्च झालायस काय?" बसम्मा ओरडली. वेड लागलं काय म्हणायचं असलं की ती कानडीवर यायची. तिनं पदर खोचला आणि त्याच्या मागं लागली. तिच्यामागं स्कूटरवाले, रिक्षावाले, सगळेच. लालासाबनं नळी टाकली आणि पळत सुटला. तो जन्मभर पळतच आला होता, पण त्या दिवशी तो मागं वळून वळून बघत पळत होता. सगळे येतात की नाही म्हणून.

रस्ता ओलांडून तो हंबीररावाच्या दुकानाच्या शटरपाशी अडकला. माणसांनी त्याला घेरलं. हंबीररावानं त्याची गचांडी धरली आणि कानाखाली लगावली. टोपी उडाली. "बायामाणसांच्या अंगावर पाणी टाकतोस?" दुसऱ्यांदा हात वर गेला, आणि मागून आवाज आला.

मांजरपाट फाडावं तसा आवाज होता. लांबलचक, न थांबणारा. सगळ्यांनी वळून पाहिलं. शिरीष हळू खाली येत होता, बसल्यासारखा. मग जमीन हादरली आणि धुळीत काही दिसेनासं झालं.

धूळ खाली बसली तेव्हा कट्टा नव्हता. तिन्ही रिक्षा फांद्यांखाली पत्र्यासारख्या चपटल्या होत्या. बसम्माचं चौपदरी पोतं होतं तिथं माणसाच्या कमरेहून जाड फांदी रुतली होती. कोणी रडत होतं. कोणी तरी माणसं मोजत होतं, मग पुन्हा मोजत होतं. सगळी होती. लालासाबला मारायला धावली होती, म्हणून सगळी होती. हंबीररावाचा हात अजून वरच होता, तो त्यानं सावकाश खाली घेतला. मी फुटपाथवर बसकण मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या बाग खात्याचा तरुण अधिकारी आला, यशराज नावाचा. तिकटीवर ही गर्दी. शेंदराचा दगड फांदीखालून शाबूत निघाला होता, त्यावर हार चढले होते. "देवानंच वाचिवलं," हंबीरराव सगळ्यांना सांगत होता, पण रोजच्यापेक्षा हळू. लालासाब एका बाजूला उभा होता. गाल सुजलेला. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि त्याला घालवतही नव्हतं.

यशराजनं मोडलेल्या बुंध्यात हात घातला आणि मूठभर काळा ओला भुगा बाहेर काढला. "आतून कधीच गेलं होतं हे," तो म्हणाला. "कुणालाच आधी काही कळलं नव्हतं का?"

लालासाबनं मान खाली घातली. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मी सांगेन अशी आशा त्यानं सोडली होती, की मला लाजवायचं नव्हतं त्याला, हे मला आजही ठाऊक नाही. मला फार भीती वाटत होती. झाडाची वाटली नव्हती एवढी. शेवटी वर्गातल्या पोरीनं करावा तसा मी हात वर केला.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "नऊ दिवस. लालासाबनी सांगितलं होतं. सत्कार होईपर्यंत गप्प बसा, असं मीच म्हटलं."

तेव्हा लालासाब पुढं आला. वर्गाच्या दारात उभा राहणारा तो माणूस गर्दीच्या मधोमध येऊन म्हणाला, "आन् माती मी घातलेली, साहेब. भर लावली होती. चूक माजी हाय." त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. हंबीररावानं खिशातून अजून द्यायचा राहिलेला बदलीचा अर्ज काढला, चार तुकडे केले आणि कुणाला काही न म्हणता दुकानात निघून गेला.

बसम्मा माझ्यासमोर रिकामी टोपली कमरेवर घेऊन उभी होती. ती चिडेल, शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"तरीच," ती म्हणाली. "बावीस वर्षं माज्याजवळ बसून गजरा घेत होता तुमी. आन् ह्या नऊ दिवसांत रस्त्यावर उभा राहून हात लांब करत होता. मला वाटलं, बाईंचं गुडघं लई दुखत्यात. रोज पूजेला बसलो की तुमच्या गुडघ्याचं मागत होतो मी."